धंदेशिक्षणाचा हिशेब

दहावीचा निकाल लागला म्हणजे जव्हार आणि मोखाडा ह्या दोन तालुक्यांतील पाड्यापाड्यांवरून मुलेंमुली आपल्या वडिलांबरोबर तालुक्याच्या गांवीं येऊं लागतात. पावसाचे दिवस तोंडावर आलेले असतात. राब भाजून झालेला असतो, भात आणि नागली पेरावयाची असते, आणि घरांतील कर्त्या माणसाला एक दिवस मोडणें जड वाटत असतें. तरी तो येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्रवेशपत्रकावर जोडारी, वीजतंत्री, तारतंत्री, संधाता अशीं धंद्यांचीं नांवें असतात व प्रत्येकापुढें जागांचा आंकडा असतो. मुलगा तें वाचून दाखवितो. कारखान्यांत ह्यांनाच फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, वेल्डर म्हणतात, हेंही तो सांगतो. बाप सर्व ऐकून घेतो आणि एकच प्रश्न विचारतो : "हें शिकल्यावर काम मिळतें काय?"

प्रश्न साधा आहे. पण त्याचें उत्तर त्या पत्रकांत नसतें. तें उत्तर कोणाजवळ असतें, तें कोण लिहितो, लिहून कोणाकडे पाठवितो, आणि त्यावर कितपत विश्वास ठेवावा, हें समजून घेतल्यावांचून धंदेशिक्षणावर खर्च होणाऱ्या सार्वजनिक पैशाचा हिशेब उलगडत नाहीं.

प्रथम पैशाची वाट पाहिली पाहिजे. कारागिरांना शिक्षण देण्याची देशव्यापी योजना केंद्र सरकारनें १९५० सालीं हातीं घेतली व तिच्यांतूनच आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था वाढल्या. मॅट्रिकपुढें शिकणाऱ्या मागासलेल्या वर्गांच्या मुलांना शिष्यवृत्ति देण्याची योजना त्याहून जुनी आहे. ती १९४४ सालीं अनुसूचित जातींसाठीं निघाली आणि १९४८ सालीं अनुसूचित जमातींना लागू झाली. योगायोग असा कीं, मुकणे घराण्याचें जव्हार संस्थान त्याच १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी ह्या जमातींचीं मुलें आज ज्या पैशावर शिकतात, त्याचें मूळ त्या काळांत आहे. ह्या शिष्यवृत्तीच्या खर्चांतील ७५ टक्के वांटा केंद्र उचलतें व २५ टक्के राज्य उचलतें. शिवाय संस्थेंत शिकणाऱ्याला विद्यावेतन म्हणून महिना ४० रुपये मिळत असत, ते २०२३ सालीं राज्य मंत्रिमंडळानें ५०० रुपयांवर नेले. चाळीस रुपयांत महिनाभर काय होत असेल, हें निराळें सांगावयास नको.

हा झाला सरकारचा खर्च. घराचा खर्च कोणत्याच तक्त्यांत येत नाहीं. वीजतंत्र्याचा किंवा जोडाऱ्याचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, संधात्याचा एक वर्षाचा. दिवाळी झाली कीं ह्या तालुक्यांतील कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात, आणि जाण्यापूर्वीं मालकाकडून उचल घेतात. उचल काम करणाऱ्या हातांकडे पाहून मिळते. सतरा वर्षांचा मुलगा संस्थेंत राहिला म्हणजे दोन हात कमी झाले, आणि दोन हंगामांची उचल तेवढी घटली. असें कुटुंब कर्ज काढून फी भरीत नसेल. पण तें मुलाला फुकट शिकवितें असें कोणीं समजूं नये.

आतां अहवालाकडे वळूं. शिष्यवृत्तीचा अर्ज विद्यार्थी महाडीबीटी ह्या संगणकीय व्यवस्थेंतून करतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, आधारशीं जोडलेलें बँकेचें खातें, इतकें त्याला द्यावें लागतें. कातकरी कुटुंबांची गाडी पुष्कळदां पहिल्या दाखल्यापाशींच अडते, पण तो निराळा विषय आहे. संस्थेचा कारकून अर्ज तपासतो आणि मग तो जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे मंजुरीसाठीं जातो. ह्या वाटेवर संस्था जें कळविते तें इतकेंच कीं, मुलगा प्रविष्ट आहे, हजर आहे, अमुक परीक्षा उत्तीर्ण होऊन पुढील वर्षांत गेला आहे. म्हणजे हा अहवाल मूल वर्गांत बसल्याचा आहे. बसून काय झालें, ह्याचा नाहीं.

आणि बसल्याचा अहवालही सर्वकाळ खरा असतो असें नाहीं. २०१४ च्या सुमारास गडचिरोली जिल्ह्यांत असें उघडकीस आलें कीं, कांहीं संस्थांनीं वर्गांत नुसतीं नांवें दाखवून शिष्यवृत्तीची रक्कम उचलली होती. हिमाचल प्रदेशांत अडीचशें कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या अशाच प्रकरणाचा तपास २०१९ सालीं केंद्रीय अन्वेषण विभागाकडे द्यावा लागला. नांव आदिवासी मुलाचें आणि पैसा दुसऱ्याचा, असा तो व्यवहार. ज्या मुलाचें नांव वापरलें जातें त्याला पुष्कळदां त्याची वार्ताही नसते. पुढें तो खरोखरच एखाद्या वर्गाला प्रवेश घ्यावयास जातो, तेव्हां त्याच्या नांवावर पूर्वींच शिष्यवृत्ति दिल्याची नोंद आडवी येण्याचा धोका असतो.

बसून काय झालें, हें विचारणारा पहिला मोठा नियम अल्पमुदतीच्या वर्गांसाठीं आला. शिवणकाम, रुग्णसेवा, दुकानांतील विक्री, वीजजोडणी अशा कांहीं महिन्यांच्या वर्गांना निरनिराळीं सरकारी खातीं पैसा देत असतात, व प्रत्येकाची रीत वेगळी होती. जुलै २०१५ मध्यें केंद्र सरकारनें ह्या सर्वांसाठीं समान निकष प्रसिद्ध केले. त्यांत शिकविणाऱ्या संस्थेला द्यावयाची रक्कम तीन हप्त्यांत तोडली. वर्ग सुरू झाल्यावर ३० टक्के, मुलें परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ५० टक्के, आणि उरलेली २० टक्के त्यांना काम लागल्यावर. शंभर उत्तीर्णांपैकीं सत्तर जणांना काम लागलें तर शेवटचा हप्ता पुरा मिळावयाचा; पन्नास ते सत्तर यांच्या दरम्यान आंकडा असला तर त्या प्रमाणांत; आणि पन्नासाच्या खालीं गेला तर कांहींच नाहीं.

वाचणाऱ्याला वाटेल कीं, येथें बापाच्या प्रश्नाचें उत्तर सांपडलें. परंतु "काम लागणें" ह्या दोन शब्दांत सगळी गोम आहे. निकषांप्रमाणें काम तीन महिन्यांच्या आंत लागलें पाहिजे, तें निदान तीन महिने टिकलें पाहिजे, उत्तीर्ण झालेल्यांपैकीं निदान निम्म्यांना तें पगारी असलें पाहिजे, आणि पुढें वर्षभर संस्थेनें त्या मुलाची माहिती घेत राहिलें पाहिजे. पगारी नोकरीचा पुरावा म्हणजे नेमणुकीचें पत्र आणि पगाराचा कागद किंवा बँकेंतील जमा. स्वतःचा धंदा असेल तर परवाना, उत्पादक गटाचें सभासदत्व, किंवा वाढलेली कमाई दाखविणारा बँकेचा उतारा.

हे निकष ज्यांनीं लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा शहरालगतचें गांव असावें. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरील मुलगा वीजजोडणी शिकून नाशिकच्या कारखान्यांत लागतो. खोलीचें भाडें, खाणावळ आणि गाडीखर्च जाऊन हातीं थोडें उरतें. आषाढांत लावणीची वेळ येते, घरून निरोप येतो, आणि तो गांवीं परततो. लावणी आटोपेपर्यंत जागा दुसऱ्याला दिलेली असते. हा मुलगा नोकरींत दोन महिने राहिला असेल तर तो तक्त्यांत बेकार; सव्वातीन महिने राहून परतला असेल तर तक्त्यांत नोकरदार. प्रत्यक्षांत दोघेही त्याच बांधावर उभे असतात.

ह्याच्या उलटही घडतें. परतलेला मुलगा स्वस्थ बसत नाहीं. तो पाड्यांतील घरांना तारा ओढून देतो, विहिरीवरचा बंद पडलेला पंप दुरुस्त करतो, लग्नांत दिव्यांची आरास करतो, पावसाळ्यांत शेत बघतो. शिकलेल्या विद्येवर त्याचें पोट चाललेलें असतें. परंतु त्याच्यापाशीं नेमणुकीचें पत्र नाहीं, दुकानाचा परवाना नाहीं, आणि मजुरी रोख मिळत असल्यामुळें बँकेचा उतारा नाहीं. एखादी मुलगी शिवण शिकून घरींच यंत्र टाकते आणि पाड्यांतल्या बायकांचीं झंपरें शिवते. तिचाही रकाना कोरा. तेव्हां ह्या डोंगराळ मुलखांत तक्ता दोन्ही बाजूंनीं चुकतो. जें टिकलें नाहीं तें तो मोजतो, आणि जें टिकलें तें त्याला दिसत नाहीं.

वर्षभर माहिती घेणें हें तर आणखी कठीण. संस्थेनें लिहून ठेवलेला दूरध्वनीचा क्रमांक बहुधा बापाचा किंवा शेजाऱ्याचा असतो. कुटुंब भट्टीवर गेलें म्हणजे तो क्रमांक लागत नाहीं. पाड्यावर असलें तरी डोंगराच्या आडोशाला आवाज पोंचत नाहीं. माहिती विचारणारा नोकर दोनतीनदां प्रयत्न करतो व कंटाळतो. त्याच्या पुढ्यांत मात्र रकाना भरावयाचा राहिलेला असतो, आणि तो भरला नाहीं तर संस्थेचा शेवटचा हप्ता बुडणार असतो. खोटा आंकडा जन्मतो तो बहुतेक ह्या जागीं. त्यासाठीं मोठा लुच्चा माणूस लागत नाहीं. १९९२-९३ मध्यें जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें बालकें कुपोषणानें दगावलीं. तेव्हांपासून ह्या भागांत योजनांना आणि तक्त्यांना तोटा राहिलेला नाहीं, आणि तक्ता भरणाऱ्याची ही अडचण येथें कोणालाही नवी वाटणार नाहीं.

ही अडचण किती पसरलेली आहे तें पुढें दिसून आलें. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचा २०१५ ते २०२२ ह्या काळाचा हिशेब भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं तपासला. शिकलेल्यांच्या नोंदींपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदींत बँकेच्या खात्याचा रकाना कोरा होता, किंवा त्यांत शून्यें वगैरे निरर्थक मजकूर होता. अल्पमुदतीचे वर्ग करून प्रमाणपत्र मिळविलेल्यांपैकीं काम लागल्याची नोंद सुमारें ४१ टक्क्यांचीच होती. ह्या योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत नोकरीची नोंद ठेवीत असत. चौथ्या टप्प्यांत ती अट प्रशिक्षणापासून अलग केली गेली. शिकलेल्याला आपली वाट निवडूं द्यावी, असें तिचें कारण सांगितलें गेलें. कारण ऐकावयास बरें आहे. परंतु ताप मोजण्याची नळी बिघडली म्हणून ती फेंकून देण्यासारखेंच हें झालें.

हा पेंच केवळ आपल्याकडचा नाहीं. अमेरिकेंत तो ऐंशी वर्षें चाललेला आहे, आणि त्याची हकीकत आपल्या उपयोगाची आहे. १९४४ सालीं तेथें कायदा झाला कीं, युद्धांतून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार देईल. लागलीच धंदे शिकविणाऱ्या खासगी शाळांचें पीक आलें. त्यांतील कित्येक शाळांत सैनिक व सरकारी पैसा ह्यांवांचून दुसरें कांहीं नव्हतें. म्हणून १९५२ सालीं असें ठरलें कीं, एखाद्या वर्गांत शंभरांपैकीं पंचाऐंशीहून अधिक जण सरकारी खर्चानें शिकत असतील तर तेथें नवे सैनिक घालूं नयेत. निदान पंधरा जण तरी स्वतःचे पैसे मोजून आले असतील, तर त्या शिक्षणाला बाजारांत कांहीं किंमत आहे असें समजावें, असा त्यांतील विचार. विचार व्यवहारी होता.

पुढें १९६५ सालच्या कायद्यानें विद्यार्थ्यांना सरकारी साहाय्य व कर्ज मिळूं लागलें. धंदेशिक्षणाच्या वर्गांना अट एवढीच कीं, त्यांनीं विद्यार्थ्याला उपजीविकेच्या कामासाठीं तयार करावें. "उपजीविका" मोजावी कशी, तें ठरावयास २०११ साल उजाडलें. तोही नियम २०१२ सालीं न्यायालयांत अडकला, २०१४ सालीं पुन्हा लिहिला गेला, २०१९ सालीं रद्द झाला, आणि २०२३ सालीं तिसऱ्यांदा आला. मधल्या काळांत २०१५ सालीं कोरिंथियन नांवाची शाळांची मोठी सांखळी बंद पडली. नोकरी लागल्याचे तिचे आंकडे फुगविलेले होते. तिच्याच एका शाळेनें हिशेबनीसीचा वर्ग पुरा केलेल्या विद्यार्थिनीला "काम लागलें" म्हणून दाखविलें होतें. तें काम खाद्यपदार्थांच्या दुकानांतील होतें, आणि वर्ग संपण्याच्या कितीतरी आधींपासून ती तें करीत होती! त्या शाळेला सुमारें तीन कोटी डॉलर दंड ठोठावला गेला.

२०२३ सालच्या नियमांत ह्या अनुभवाचें सार आहे. त्याप्रमाणें शाळेनें कळवावयाचें तें इतकेंच : कोण विद्यार्थी, कोणता वर्ग, खर्च किती, कर्ज किती. कमाई किती, हें शाळेला विचारावयाचेंच नाहीं. तें सरकारनें स्वतःच्या दप्तरांतून काढावयाचें. मग दोन कसोट्या लावावयाच्या. शिकलेल्याच्या वार्षिक कमाईपैकीं कर्जाच्या हप्त्यांत जाणारा वांटा ८ टक्क्यांच्या आंत आहे काय, किंवा निर्वाहापुरती रक्कम वजा जातां उरलेल्या कमाईच्या २० टक्क्यांच्या आंत आहे काय. आणि नुसती शाळा पुरी करून थांबलेल्या त्याच राज्यांतील तरुणापेक्षां तो अधिक मिळवितो काय. तीन वर्षांपैकीं दोन वर्षें जो वर्ग नापास होईल त्याचें सरकारी साहाय्य तोडावयाचें, आणि तत्पूर्वीं विद्यार्थ्याला तशी सूचना द्यावयाची. तेथेंही अहवालाचें ओझें हलकें नव्हतें. तो देण्याची मुदत जुलै २०२४ पासून सरकत सरकत सप्टेंबर २०२५ पर्यंत गेली. त्या देशांतही कारकून आहेत आणि त्यांचेही संगणक अडतात.

अमेरिकेचे आंकडे आपल्या कामाचे नाहींत. जव्हारच्या मुलावर शिक्षणाचें कर्ज नसतें. त्याच्या खर्चीं पडलेलीं असतात तीं दोन वर्षें. पण त्या नियमांतील दोन गोष्टी येथें जशाच्या तशा लागू पडतात. पहिली ही कीं, ज्या आंकड्यावर एखाद्याचा हप्ता अवलंबून आहे, तो आंकडा त्याच्या हातून लिहवूं नये. भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयांत आधारशीं जोडलेलीं कामगारांचीं खातीं आहेत. संस्थेंतून बाहेर पडलेल्या मुलांपैकीं किती जणांच्या नांवें सहा महिन्यांनीं, वर्षानें तेथें रक्कम जमा होत आहे, हें सरकार स्वतः पाहूं शकतें. मोखाड्याचा मुलगा बोईसरला असो वा नाशिकला, त्याच्या मागें दूरध्वनी घेऊन धांवावयास नको. अर्थात् वीसहून कमी माणसांचा कारखाना सामान्यतः त्या कायद्याखालीं येत नाहीं, आणि पंप दुरुस्त करणारा किंवा झंपरें शिवणारी तर येणारच नाहीं. त्यांची नोंद पाड्यावर जाऊन, माणसाला माणसानें विचारूनच घ्यावी लागेल. आशासेविका घरोघरीं जाते, तेव्हां माणूस पोंचत नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. वर्षांतून एकदां, लावणीच्या दिवसांत, जेव्हां सर्व कुटुंबें गांवींच असतात, तेव्हां हें काम करावें. मार्च महिन्यांत केलें तर निम्मीं घरें कुलपांत सांपडतील.

दुसरी गोष्ट अधिक सोपी आहे व तिला खर्च जवळजवळ नाहीं. अहवाल आज जव्हारहून ठाण्याला, मुंबईला, दिल्लीला जातो. तो वर चढतो आणि तेथेंच राहतो. संस्थांना तारे देण्याची एक पद्धत प्रशिक्षण महासंचालनालयानें काढली आहे. पण तीन तारे म्हणजे काय, हें पाड्यावरच्या बापाला कसें कळावें? त्याला हवें आहे तें दोन ओळींत मावतें. तीन वर्षांपूर्वीं ह्या धंद्याला किती मुलें आलीं, त्यांतील किती पुरीं शिकलीं, आणि आज तीं काय काम करून काय मिळवितात. प्रवेशपत्रकावर जागांच्या आंकड्याशेजारीं हा आंकडा छापला तर पत्रकाचा कागद वाढणार नाहीं. तो आंकडा लहान असला म्हणून संस्थेनें लाजण्याचें कारण नाहीं. ज्या संस्थेच्या दारांत पहिल्या पिढीचीं शिकणारीं मुलें येतात, तिचा आंकडा ठाणें-पुण्याच्या संस्थेशीं ताडून पाहणेंच चूक; तो त्याच पाड्यांतल्या, न शिकतां भट्टीवर गेलेल्या मुलाच्या कमाईशीं ताडावा. अमेरिकेच्या दुसऱ्या कसोटींत शहाणपणा आहे तो हाच.

तोंवर पालकांनीं कांहीं खबरदारी घ्यावी. प्रवेशाच्या व शिष्यवृत्तीच्या अर्जांत स्वतःचाच दूरध्वनि-क्रमांक घालावा, दुकानदाराचा किंवा मध्यस्थाचा नव्हे. मूळ दाखले संस्थेपाशीं कायमचे ठेवून येऊं नयेत. दाखवावेत, नक्कल द्यावी आणि परत घ्यावेत. कोऱ्या हजेरीपटावर किंवा नोकरी लागल्याच्या छापील कागदावर, प्रत्यक्ष नोकरी लागल्यावांचून, मुलानें सही करूं नये. "नुसती सही कर, तुझें कांहीं जात नाहीं" असें सांगितलें गेलें तर विशेषच करूं नये.

आणि जो आंकडा पत्रकांत नाहीं तो मागतां येतो. माहितीचा अधिकार २००५ सालच्या कायद्यानें मिळालेला आहे. शासकीय संस्था व प्रकल्प कार्यालय ह्या दोघांनाही तो कायदा लागू आहे, आणि खासगी संस्थेनें प्रकल्प कार्यालयाला जें कळविलें असेल तें त्या कार्यालयाच्या दप्तरीं असतें. अर्ज मराठींत चालतो. जनमाहिती अधिकारी असा मायना घालावा, धंद्याचें नांव व वर्ष लिहावें, आणि त्या वर्षीं किती जण प्रविष्ट झाले, किती उत्तीर्ण झाले, कितींना काम लागल्याची नोंद आहे व ती कोणत्या पुराव्यावर केली, हें विचारावें. वर दहा रुपयांचें कोर्ट फी तिकीट लावावें; दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेंही लागत नाहीं, दाखल्याची नक्कल पुरते. अर्ज दिल्याची पोंच मागून घ्यावी. उत्तर तीस दिवसांत यावयास पाहिजे, न आल्यास त्याच कार्यालयांतील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करतां येतें. हा अर्ज माघ-फाल्गुनांत दिला तर पुढील वर्षींच्या प्रवेशापूर्वीं उत्तर हातीं पडतें.